दोनदा त्याच पायरीवर

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला रो-हाऊस आहे. वडील ७४ वर्षांचे, तब्येतीने ठणठणीत. गेल्या वर्षभरात दोनदा जिन्यावरून पडले, दोन्ही वेळा उतरताना, अगदी तळाच्या पायरीवर. पहिल्यांदा मुका मार लागला, दुसऱ्यांदा मनगट मोडलं. जिना काळ्या ग्रॅनाइटचा, १७ पायऱ्यांचा, एका बाजूला स्टीलचं रेलिंग. ‘जरा लक्ष देऊन उतरत जा’ म्हटलं की ते चिडतात. खालच्या खोलीत झोपा म्हटलं तर ऐकत नाहीत. स्टेअर लिफ्ट, म्हणजे जिन्याच्या कडेने वर-खाली नेणारी खुर्ची, बसवावी का?

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. गेली सव्वीस वर्षं मुख्यतः घरदुरुस्तीची कामं करते, आणि त्यात जिन्याचं काम वारंवार येतं. आधी एक सांगते: बाबांना ‘लक्ष देऊन उतरा’ म्हणणं आजपासून बंद करा. त्यांचं चिडणं बरोबर आहे. घरात सतरा पायऱ्या असताना माणूस दोन्ही वेळा नेमका एकाच पायरीवर पडत असेल, तर मी आधी पायरीकडे बघते, माणसाकडे नंतर.

आज संध्याकाळी टेप घ्या, वही घ्या आणि प्रत्येक पायरीची उंची मोजून लिहा. खालच्या फरशीपासून पहिल्या पायरीच्या माथ्यापर्यंत, तिथून दुसरीपर्यंत, असं थेट वरच्या मजल्याच्या फरशीपर्यंत. मिस्त्री याला ‘रायझर’ म्हणतात. सेंटीमीटरमध्ये नको, मिलिमीटरमध्ये लिहा. न बघताच अंदाज सांगते: मधल्या सगळ्या जवळपास सारख्या निघतील, तळाची बुटकी निघेल आणि माथ्यावरची उंच.

असं का होतं ते समजून घ्या, कारण दुरुस्तीही त्यातच आहे. जिन्याचा स्लॅब ओततात तेव्हा सेंट्रिंगवाला, म्हणजे काँक्रीटचा साचा ठोकणारा, सगळ्या पायऱ्या सारख्या करतो, समजा १७-१७ सेंटीमीटर. त्याचं काम चोख असतं. मग महिन्यांनी फरशीवाला येतो. तो हॉलमध्ये मसाला आणि टाइल मिळून ७ सेंटीमीटरचा थर देतो. जिन्यावर दगड आणि खालचा मसाला मिळून ४ सेंटीमीटरच बसतो. वरच्या मजल्यावर पुन्हा ७. आता हिशोब करा. तळाची पायरी: १७ अधिक ४ वजा ७, म्हणजे १४. मधल्या सगळ्या १७. माथ्याची: १७ अधिक ७ वजा ४, म्हणजे २०. चूक कुणाचीच नाही आणि जिना मात्र बिघडलेला. मी मोजलेल्या जुन्या-नव्या जिन्यांमध्ये सर्वांत जास्त आढळलेला दोष हाच.

तीन सेंटीमीटरने काय होतं, असं वाटेल. जिना उतरताना आपण पहिल्या एक-दोन पायऱ्या डोळ्यांनी बघतो. त्यानंतर डोळे वर जातात आणि पाय पाठांतरावर चालतो. तो सतराचा पाढा म्हणत उतरत असतो आणि शेवटी अचानक चौदा येतात. जमीन अपेक्षेपेक्षा आधी लागते, गुडघ्याला हिसका बसतो, तोल पुढे जातो. चढताना उलटं: माथ्याची पायरी २० ची निघते आणि चवडा तिच्या काठाला अडतो. तिशीतला माणूस दोन पावलं धडपडून सावरतो आणि विसरूनही जातो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तेवढ्या वेळात पाय पुढे पडत नाही, म्हणून हात पुढे येतो. तुमच्या बाबांचं मनगट मोडलं ते असं. घरातल्या बाकीच्यांना विचारून बघा. त्या पायरीवर कधी ना कधी सगळेच अडखळलेले असतील, फक्त कुणी बोललेलं नसेल.

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या ३६व्या स्ट्रीटच्या भुयारी रेल्वे स्टेशनवर अशीच एक पायरी होती, शेजारणींपेक्षा किंचित उंच. २०१२ मध्ये एकाने तिथे कॅमेरा लावला, तर एकामागून एक माणसं, धडधाकट, तरुण, नेमकी त्याच पायरीवर ठेचकाळताना दिसली. चित्रफीत पसरल्यावर तो जिना बंद करून दुरुस्त केला गेला. इतकी सगळी माणसं एकाच जागी बेसावध असतील का?

आता दुरुस्ती. माप माझ्या अंदाजाप्रमाणे १४, १७, १७… २० असं आलं, तर उपाय सोपा आहे आणि लोकांना तो ऐकून खरा वाटत नाही. सगळ्या पायऱ्यांवर, लँडिंग असेल तर लँडिंगवरही, सरसकट ३ सेंटीमीटरचा एक थर चढवायचा. तळाची १४ ची १७ होते. मधल्या सगळ्या एकत्रच वर गेल्याने १७ च्या १७ राहतात. माथ्याची २० ची १७ होते. वहीवर मांडून बघा. जुन्या पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटला टाचे मारून, म्हणजे छिन्नीने तो खडबडीत करून घ्यायचा, त्यावर चांगल्या प्रतीचं टाइल अ‍ॅडेसिव्ह आणि वर २० मिलिमीटरचा खरखरीत दगड. नुसत्या सिमेंटच्या पाण्यावर गुळगुळीत ग्रॅनाइटला दगड चिकटत नाही, वर्षभरात वाजायला लागतो. चौरस मीटरला ७०-७५ किलो वजन वाढतं, त्यामुळे घर जुनं असेल किंवा जिन्याच्या खालच्या बाजूला भेगा, गंज दिसत असेल तर आधी एखाद्या इंजिनिअरला दाखवा. आणि रेलिंग विसरू नका: पाय ३ सेंटीमीटर वर गेला म्हणजे कठडा तेवढाच बुटका झाला.

सगळे जिने इतके समजूतदार नसतात. हल्ली एक नवी भानगड दिसते. जुनं मोझॅक न काढता त्यावरच व्हिट्रिफाइड टाइल चिकटवतात. दोन दिवसांत काम, धूळ नाही, सगळे खूश. पण हॉलची जमीन दोन सेंटीमीटर वर येते आणि फक्त तळाची पायरी बुटकी होते, माथ्याची ठीकच असते. अशा वेळी सरसकट थर दिला तर दोष खालून वर नेऊन ठेवल्यासारखं होतं. तिथे जुना दगड काढून पुन्हा बसवावा लागतो: तळाच्या पायरीचा थर जवळपास दोन सेंटीमीटरने वाढवायचा आणि वर जाताना प्रत्येक पायरीला साधारण सव्वा मिलिमीटरने कमी करत न्यायचा. फरक सगळ्या पायऱ्यांत वाटला गेला की पायाला कळत नाही. पायऱ्यापायऱ्यांतला फरक पाच मिलिमीटरच्या आत असेल तर मी सहसा काही करायला सांगत नाही.

नवं घर बांधत असाल तर हे सगळं फुकटात टळतं. स्लॅब ओतण्याआधी फरशीची आणि जिन्याच्या दगडाची जाडी ठरवून सेंट्रिंगवाल्याला सांगा. वरच्या उदाहरणात त्याने तळाची पायरी २० ची, माथ्याची १४ ची ठोकली की फरशीनंतर सगळ्या १७ होतात. ओल्या काँक्रीटचा ओबडधोबड जिना तेव्हा चुकलेला दिसेल, शेजारी येऊन सांगतीलही. सांगू द्या. वास्तूचा आग्रह असेल आणि पायऱ्यांची संख्या विषमच हवी असेल तर तेही आधी ठरवा. शेवटच्या क्षणी आकडा विषम करायला म्हणून खाली एक अर्धवट पायरी चिकटवलेली मी पाहिली आहे. त्या घरात पायरी ‘शुभ’ होती आणि आजींचा घोटा प्लास्टरमध्ये.

उंची-रुंदीचं प्रमाण जाता जाता सांगते. सतराव्या शतकात फ्रान्स्वा ब्लाँडेल या फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञाने माणसाच्या पावलावरून एक हिशोब मांडला, तो आजही चालतो: पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पाय ठेवायची रुंदी, ही बेरीज ६० ते ६५ सेंटीमीटरच्या आसपास यावी. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरातल्या जिन्यासाठी उंची जास्तीत जास्त १९ आणि रुंदी कमीत कमी २५ सेंटीमीटर आहे. बेरीज करा, ६३ येते. तुमची उंची १७ असेल तर रुंदी २७ असली म्हणजे उत्तम. रुंदी २५ च्या खाली असेल तर उतरताना टाचच टेकते, चवडा अधांतरी राहतो. मग पाय तिरका ठेवून उतरायची सवय लागते.

माझं आजोळ वाईला, जुन्या वाड्यात. तिथला लाकडी जिना या हिशोबात कुठेच बसत नव्हता: पायऱ्या उंच, पाऊल अर्धंच मावायचं, दिवसाही अंधार. पण वरून एक जाड दोर लोंबत असे आणि आजीसकट सगळे तो घट्ट धरून, जिन्याकडे तोंड करून, शिडी उतरल्यासारखे उतरत. वाईट जिना दिसायलाच वाईट होता, म्हणून कुणी त्याच्यावर विश्वास टाकत नसे. तुमचा जिना दिसायला देखणा आहे, आणि पाय अशाच जिन्यावर फसतो.

त्या दोरावरून रेलिंगकडे येते. तुमचं रेलिंग एका बाजूला आहे म्हणता. ते तळाच्या पायरीच्या अलीकडेच संपतं का, बघा. बहुतेक घरांत शोभेचा जाड खांब दुसऱ्या पायरीवर रोवतात आणि रेलिंग तिथेच थांबतं. म्हणजे आधाराची सर्वांत जास्त गरज जिथे, तिथे हात रिकामा. शिवाय हाताला एक खोड असते: रेलिंग संपलं की मेंदू समजतो जिना संपला. बाबांच्या पडण्यात माझ्या मते याचाही वाटा असणार.

दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर आणखी एक पाइप लावून घ्या. गोल, दीड इंची, म्हणजे साधारण ३८ मिलिमीटरचा. बोटं आणि अंगठा मिळून पूर्ण मूठ बसली पाहिजे. चार इंच रुंदीचं सागवानी रेलिंग किंवा ग्रॅनाइटची टोपी घातलेला कठडा यावर हात टेकतो, पण घसरताना धरता येत नाही. भिंत आणि पाइप यांत ५ सेंटीमीटर जागा सोडा, नाहीतर बोटांची सालटं निघतात. उंची पायरीच्या काठापासून सरळ वर ८५ ते ९० सेंटीमीटर. बाबांना उभं करून त्यांच्या हाताने ठरवा, हे जास्त बरं. दोन्ही टोकांना पाइप पायऱ्यांच्या पुढे ३० सेंटीमीटर न्या आणि टोक भिंतीत वळवा. उघडं टोक ठेवलं तर झब्ब्याचा खिसा किंवा साडीचा पदर त्यात अडकतो, आणि मग आधारच पाडतो.

फॅब्रिकेटर काम उरकायला प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकून स्क्रू मारेल. विटांच्या पक्क्या भिंतीत ते कसंबसं चालतं. भिंत हलक्या एएसी ब्लॉकची असेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट, मागा. काम झाल्यावर त्याच्यासमोर पाइपला दोन्ही हातांनी लटकून बघा. त्याला आवडणार नाही. मी आजवर प्रत्येक ठिकाणी लटकले आहे आणि दोन वेळा पाइप माझ्या हातात आला आहे.

काळ्या ग्रॅनाइटबद्दल मला बोलायचा अधिकार आहे, कारण मीही तो बसवून दिलेला आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाने आरशासारखा जिना मागितला, मी हौसेने करून दिला. पहिल्याच दिवाळीत पायऱ्यांवर पणत्या लावल्या, एक कलंडली, काळ्यावर तेल दिसलं नाही आणि घरातली सून चार पायऱ्या बसत-बसत खाली आली. माकडहाडाचं दुखणं तिला पुढे बरेच महिने पुरलं. तेव्हापासून जिन्याला पॉलिश दगड मी लावत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी. फ्लेम किंवा लेदर फिनिशचा, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत ठेवलेला ग्रॅनाइट, नाहीतर साधा, पॉलिश न केलेला कोटा. पणत्या कठड्यावर किंवा ताटलीत ठेवा, पायरीवर नको. आणि रांगोळी जिन्याच्या पायथ्याशी अजिबात नको. गुळगुळीत दगडावर ती भुकटी छर्ऱ्यांसारखी काम करते.

काळ्या दगडाचा दुसरा दोष असा की वरून बघताना पायऱ्यांचे काठ एकमेकांत मिसळतात, सगळा जिना एक काळी घसरगुंडी दिसते. नवा दगड बसेपर्यंत उद्याच करण्यासारखं एक काम आहे: प्रत्येक पायरीच्या अगदी काठावर ५ सेंटीमीटर रुंदीची, फिकट पिवळी किंवा पांढरी खरखरीत पट्टी चिकटवा. हार्डवेअरच्या दुकानात ‘अँटी-स्किड टेप’ म्हणून मिळते. आधी काठ थिनरने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग चिकटवा आणि वर दाबून घासा. एकही पायरी सोडू नका. तळाची तर मुळीच नाही. कोपरा सुटला की त्याच दिवशी बदला, कारण सुटलेली पट्टी पट्टी नसण्यापेक्षा वाईट. सैल पायपोस, गालिचाचे तुकडे मात्र जिन्यावर आणि जिन्याच्या तोंडाशी नकोत.

दिवा कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाही. फक्त माथ्यावर असेल तर उतरणाऱ्याची स्वतःचीच सावली पुढच्या पायरीवर पडते. खाली दुसरा दिवा द्या आणि दोन्ही टोकांना टू-वे स्विच बसवा, म्हणजे अंधारात एकही पायरी चालावी लागणार नाही. पावलांजवळ सेन्सरचे छोटे दिवे लावलेत तर रात्री बटण शोधायलाही नको. त्यांतला एक तरी इन्व्हर्टरवर घ्या.

आता शरीराचं. हे माझं क्षेत्र नाही. माझ्या नणंद फिजिओथेरपिस्ट आहेत, त्यांच्याबरोबर अनेक घरं पाहिली, त्यातून शिकलेलं सांगते. बाबांचा चष्मा वरून लांबचा, खालून जवळचा असा आहे का? तसा असेल तर उतरताना ते खालच्या भागातून पायरी बघतात, आणि तो भाग पुस्तकाच्या अंतरासाठी असतो. पायरी धूसर दिसते. जिन्यासाठी आणि बाहेर फिरायला नुसत्या लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेण्याबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. बीपीची, प्रोस्टेटची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर उठल्यावर चक्कर येते का ते पाहा. आडवं असताना आणि उठून उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत बीपी मोजायचं. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला तर डॉक्टरांना सांगायचं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. रात्री उठल्यावर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उभं राहायचं. मनगटाचं हाड मोडलं आहेच, तर हाडांच्या ठिसूळपणाची तपासणीही विचारून घ्या.

पायात टाचेला पट्टा असलेली, झिजलेली नसलेली चप्पल हवी. गुळगुळीत दगडावर सुती मोजे घालून उतरणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं, नाशिकच्या थंडीत ते होतंच. एक गुडघा दुखत असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आणि एक हात कायम मोकळा. वाळत घालायच्या कपड्यांची बादली दोन्ही हातांत धरून गच्चीवर जाणं, उन्हाळ्यात वाळवणाची परात डोळ्यांसमोर धरून उतरणं, कानाला फोन लावून जिना चढणं, हे सगळं घरातल्या तरुणांनाही लागू आहे. फरशी पुसणाऱ्या मावशींना सांगा, जिना वरून खाली पुसत या आणि शेवटी कोरड्या फडक्याने टिपा.

घरात लहान मूल येतंजातं का? तसं असेल तर रेलिंगच्या गजांमधलं अंतर १० सेंटीमीटरपेक्षा कमी हवं आणि गज उभे हवेत. आडवे पाइप मुलांना शिडीसारखे वाटतात. जिन्याच्या माथ्यावर फाटक लावायचं तर भिंतीला स्क्रूने बसणारंच. नुसतं दाबून अडकवायचं तिथे चालत नाही.

आता खालची खोली आणि लिफ्ट. स्टेअर लिफ्ट वाईट नाही. ज्यांना जिना चढवतच नाही त्यांच्यासाठी ती वरदान आहे. पण तुमचे बाबा ठणठणीत आहेत. रोज दोन-तीनदा जिना चढणं हा त्यांच्या मांड्यांचा व्यायाम आहे, तो काढून घेतलात तर वर्षभरात खुर्चीतून उठतानाही हात टेकावे लागतील. मी आधी जिना दुरुस्त करीन, लिफ्टचा विचार नंतर. फक्त एक अट: झोपायच्या मजल्यावरच संडास-बाथरूम हवं. रात्री अर्धवट झोपेत त्यासाठी जिना उतरावा लागत असेल, तर मात्र खाली झोपणंच बरं, आणि हे कारण त्यांना तसंच स्पष्ट सांगा.

तिसऱ्यांदा कधी पडलेच, तर घाईने काखेत हात घालून उभं करू नका. पडल्या जागी राहू द्या, कुठे दुखतं विचारा. जांघेत दुखत असेल आणि एक पाय आखूड, बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. हलवायचं नाही, १०८ ला फोन करायचा. डोक्याला मार बसला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर वरून काहीही दिसत नसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

क्रम असा ठेवा: आज मोजमाप, उद्या पट्ट्या आणि चष्म्याची अपॉइंटमेंट, या आठवड्यात दिवा आणि भिंतीवरचा पाइप, आणि दिवाळीच्या आत दगड. दगडाच्या कामाला जिना पाच-सहा दिवस बंद राहील, ताज्या थरावर पाय पडता कामा नये. तेवढे दिवस बाबांना खालच्या खोलीत झोपावं लागेल. कायमचे खाली या म्हटल्यावर ते ऐकत नाहीत, पण ‘मिस्त्री आलाय, दगड सुकेपर्यंत’ म्हटल्यावर ऐकतील. आणि टेपचं एक टोक त्यांच्याच हातात द्या. तळाची पायरी १४ ची निघाली की ते स्वतः तुम्हाला ती दोनदा मोजून दाखवतील.